आधी जागा ठरव, मग ठेका धर

बाळा, संगीतनिर्मिती शिकायला तू पुण्याला निघालास, याचा मामाला फार आनंद आहे. तिथं पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुला विचारेल, ‘तुझं काम अंडरग्राउंड की कमर्शियल?’ एका क्लासात सांगतील की अंडरग्राउंड हीच खरी कला, बाकी सगळा बाजार. दुसऱ्या क्लासात सांगतील की कमर्शियल हेच खरं कसब, ज्याला लोकांना नाचवता येत नाही तो अंडरग्राउंडच्या आड लपतो. या प्रश्नाला उत्तर द्यायची घाई करू नकोस.

मी आष्ट्यात बेंजो पार्टीपासून डॉल्बीपर्यंत सगळं वाजवलं आणि आता गावातल्या पोरांना कंप्युटरवर ट्रॅक बांधायला शिकवतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. हा भेद दर्जाचा नाही, जागेचा आहे. ट्रॅक कुठं वाजणार, किती वाजता, कुणापुढं आणि कसल्या स्पीकरवर, हे ठरलं की वेग, लांबी, सूर, बेस, शब्द यांचे निम्मे निर्णय आपोआप होतात. जे ठरवत नाहीत त्यांचा ट्रॅक कुठंच धड वाजत नाही. तुझ्यासोबत देतोय ते कानमंत्र याच एका गोष्टीभोवतीचे आहेत.

१. अंडरग्राउंड आणि कमर्शियल, दोन्ही घरांचं मूळ एकच, हे विसरू नकोस

शिकागोत ‘वेअरहाऊस’ नावाच्या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवायचा. हाऊस संगीत तिथून निघालं. नाचायला येणारी बहुतेक पोरं कृष्णवर्णीय आणि समलिंगी, ज्यांना शहरातल्या इतर क्लबांत मोकळेपणा नव्हता. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल गावात एकाच शाळेत शिकलेल्या हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तिघांनी टेक्नो उभा केला. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र बेस गिटारच्या बदल्यात वापरता यावं म्हणून निघालं होतं. ते गिटारसारखं वाजेना, म्हणून खपेना, आणि १९८४ पर्यंत कंपनीनं ते बंदही केलं. मग जुन्या मालाच्या दुकानांत ते स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या ‘फ्यूचर’ या त्रिकूटानं त्याच्या खुंट्या वाजता वाजता पिळून जो विचित्र आवाज काढला, त्यातून १९८७ साली ‘अॅसिड ट्रॅक्स’ निघाला. अॅसिड हाऊसची सुरुवात तिथली.

या सगळ्या संगीतातला चार ठोक्यांचा किक पुढं रेडिओवर आला, स्टेडियममध्ये आला. हॉलंडमधली स्पिनिन रेकॉर्ड्स १९९९ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये वॉर्नरनं ती विकत घेतली. तिथूनच २०१३ मध्ये मार्टिन गॅरिक्सचा ‘अॅनिमल्स’ निघाला. त्यात गाणं असं जवळपास नाहीच, तरी तो जगभर वाजला. त्यामुळे ‘शब्द असले की कमर्शियल, नसले की अंडरग्राउंड’ ही वाटणी खरी नाही. शिकागोच्या जुन्या हाऊसमध्ये चर्चच्या गायकीतून आलेले भरदार गळे आहेत आणि तरीही ते संगीत तळघरातलंच होतं. एका घराला नावं ठेवणारा शिक्षक दुसऱ्याचंही मूळ तोडतो. त्याच्याकडून यंत्र कसं चालवायचं ते शीक, मत घेऊ नकोस.

२. कंप्युटर उघडण्याआधी जागा कागदावर लिही

गोव्यातल्या अंजुणा आणि वागातोरच्या किनाऱ्यावरचं उदाहरण घे. तिथल्या उन्हात आणि दमट हवेत रेकॉर्डी टिकायच्या नाहीत, वाकायच्या. म्हणून गोवा गिलसारखे डीजे आधी कॅसेटवर आणि मग डॅटवर, म्हणजे डिजिटल टेपवर, वाजवू लागले. डॅटवर वेग कमीजास्त करून दोन ट्रॅक एकमेकांवर बसवता येत नसत. त्यामुळे गोवा ट्रान्सच्या ट्रॅकना सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेले लांब तुकडे आले, म्हणजे एकातून दुसऱ्यात अलगद जाता यावं. समुद्रकाठचं ऊन आणि एका यंत्राची मर्यादा, यांनी एका शैलीचा आकार ठरवला.

तुझ्या ट्रॅकची जागा तूही अशीच लिही. मी पोरांना तीन जागा देतो. पहिली, रात्री दोन वाजताचा लहान क्लब, बंद खोली, चांगले सबवूफर, तासभर थांबून नाचायला आलेली माणसं. दुसरी, एसटीत खिडकीशी बसलेल्या मुलीचा मोबाइल. तिसरी, आपली गणपतीची मिरवणूक किंवा वरात, ट्रॅक्टर-ट्रॉलीवर रचलेले बेस आणि टॉप, मागं जनरेटर, अरुंद पेठ, पुढं नाचणारी पोरं आणि कडेला उभ्या म्हाताऱ्या. पहिली जागा अंडरग्राउंडची, दुसरी कमर्शियलची. तिसरीचं नाव शहरातल्या अभ्यासक्रमात तुला सापडणार नाही, पण सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात सर्वांत जास्त संगीत तिथंच वाजतं. एका ट्रॅकला एकच जागा. तिन्ही हव्या असतील तर तीन वेगळ्या फायली कर.

३. लांबीचा हिशेब बोटांवर करायला शीक

मिनिटाला १२८ ठोक्यांचा वेग धर. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे १६ बारांत ६४ ठोके, बरोबर अर्धं मिनिट. ३२ बार म्हणजे एक मिनिट. सहा मिनिटांचा ट्रॅक म्हणजे १९२ बार.

क्लबच्या डीजेला आधीच्या ट्रॅकवर तुझा ट्रॅक चढवायला मोकळा ठेका लागतो. म्हणून अंडरग्राउंड ट्रॅकच्या पुढं-मागं १६ किंवा ३२ बार नुसता किक, हॅट आणि थोडं पर्कशन ठेवतात. याउलट स्पॉटिफायवर एखादं गाणं ऐकलं असं मोजायला ३० सेकंद लागतात. आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवून बघ. क्लबसाठी ठेवलेले १६ बार मोबाइलवर ऐकणाऱ्याचे सगळे ३० सेकंद खातात, आणि ती मुलगी तोवर पुढच्या गाण्यावर गेलेली असते. म्हणून कमर्शियल ट्रॅकमध्ये ओळखीची धून किंवा आवाज पहिल्या चार-आठ बारांतच यावा, पहिला ड्रॉप मिनिटभराच्या आत यावा आणि एकूण लांबी अडीच ते सव्वातीन मिनिटांत बसावी. यात कलेचा अपमान होत नाही. ऐकणाऱ्याच्या वेळेचा मान राखला जातो.

अंडरग्राउंड बांधताना मात्र दर आठ बारांनी काहीतरी नवं आणायचा मोह आवर. तिथं बदल गुऱ्हाळावरच्या काहिलीतल्या रसासारखा व्हावा, बघत उभ्या माणसाला कुठल्या क्षणी काकवी झाली ते सांगता येऊ नये. फिल्टर ६४ बारांत उघड. हॅटचा आवाज एक-दोन डेसिबलनं वाढव. एक स्वर काढून घे आणि तो काढल्याचं नाचणाऱ्याच्या अंगाला कळू दे, डोक्याला नको. हे जमवणं कठीण आहे. पोरांना वाटतं की कमी आवाज म्हणजे कमी काम. खरं तर पाच आवाजांत सहा मिनिटं माणसं उभी ठेवायला पन्नास आवाजांच्या ड्रॉपपेक्षा जास्त कान लागतो.

४. सूर कोण ठरवतो ते ओळख

हा मंत्र मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही, डॉल्बीमागं उभं राहून मिळाला. कमर्शियल गाण्यात सूर गायकाचा गळा ठरवतो. अंडरग्राउंडमध्ये तो स्पीकर ठरवतो.

पांढरी एकचा सगळ्यात खालचा कामाचा स्वर सुमारे ३३ हर्ट्झवर येतो आणि त्यावरचा ६५ वर. मिरवणुकीतले बेसचे डबे ४० हर्ट्झच्या खाली धड वाजत नाहीत, म्हणजे खालचा स्वर वाया गेला. वरचा घेतलास तर तो छातीत भरण्याऐवजी गुणगुणतो. तोच ट्रॅक पांढरी चारमध्ये घेतलास तर खालचा स्वर सुमारे ४४ हर्ट्झवर येतो, काळी चारमध्ये ५२ वर, पांढरी सहामध्ये ५५ वर. हा पट्टा मोठ्या स्पीकरवर सर्वांत चांगला बोलतो. गाणारं कुणी नसेल तर सूर इथं निवड. गायक असेल तर त्याच्या गळ्याला त्रास देऊन बेस सुखी करू नकोस. गायक ‘काळी चार’ म्हणाला की कीबोर्डवर लगेच बोट जायला हवं, म्हणून हा हिशेब तोंडपाठ कर.

आणि किकलाही सूर असतो. किक आणि बेस एकाच स्वरावर नसले तर दोन्ही मोठे करूनही पोकळी राहते, आणि पोरं ती पोकळी आवाज वाढवून भरायला जातात.

५. तिन्ही जागांचा बेस वेगळा कर

मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला खालचे दोनशे हर्ट्झ जवळजवळ येतच नाहीत. तरी चांगल्या गाण्यात आपल्याला बेस ऐकू येतो, कारण बेसच्या मूळ स्वराचे वरचे पडसाद, म्हणजे हार्मोनिक्स, ऐकून कान खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून कमर्शियल ट्रॅकच्या बेसला सॅच्युरेशन दे, त्याचे वरचे स्वर जागे कर. आवाजाची पातळीही नीट बघ. स्पॉटिफाय गाणी सुमारे उणे १४ लफ्सच्या पातळीवर आणून वाजवतं. लिमिटरनं दाबून भिंतीसारखी केलेली फाइल तिथं फक्त खाली ओढली जाते, आणि हाती उरतो चपटा आवाज.

क्लबसाठी १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेव. डावं-उजवं वेगळं केलेलं सब मोठ्या स्पीकरवर एकमेकांना खातं. मास्टरवर फार दाबू नकोस, डीजेच्या मिक्सरला हालचाल करायला जागा लागते.

मिरवणुकीसाठी रिव्हर्ब जवळजवळ काढूनच टाक. पेठेतल्या भिंती आवाज परत फेकतात. सतरा मीटरवरच्या भिंतीवरून आवाज सेकंदाच्या दहाव्या भागानं परत येतो, म्हणजे रस्ताच तुला एको देत असतो. १२८ च्या वेगात दोन किकांमध्ये अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ असतो. किकची शेपटी लांब ठेवलीस तर भिंतीवरून आलेला बेस पुढच्या किकवर पडतो आणि ट्रॅक चिखल होतो. शेपटी आखूड ठेव, मधे शांतता सोड. मोठा आवाज मोकळ्या जागेतूनच मोठा वाटतो.

६. हलगीला ग्रिडवर ठोकू नकोस

आपल्या भागातल्या प्रत्येक दुसऱ्या रिमिक्सला ‘हलगी मिक्स’ म्हणतात, आणि त्यातली हलगी बहुधा कुठल्यातरी सॅम्पल पॅकमधली असते. ती हलगी नव्हे. खरी हलगी वाजवणाऱ्याच्या एका हातात जाड टिपरू असतं आणि दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. ठोका टिपरूचा, भरणा काडीचा. काडीचे ठोके घड्याळाच्या काट्यावर पडत नाहीत, किंचित आधी-नंतर पडतात, आणि पाय उचलला जातो तो त्या किंचितपणामुळेच.

रेकॉर्ड करायचं असेल तर वादकाला शेकोटीपाशी बसू दे, कातडं तापू दे, चढलेला सूर उतरायच्या आत टेक घे. दोन माइक लाव, एक कातड्यासमोर, एक थोडा लांब. मग कंप्युटरवर फक्त टिपरूचे मुख्य ठोके किकशी जुळव आणि काडीला हात लावू नकोस. अंडरग्राउंड ट्रॅकमध्ये हीच हलगी चार बारांचा लूप करून न ठेवता पूर्ण सहा मिनिटं वाजवलेली घे. कमर्शियलमध्ये तिचा एकच ठळक तुकडा निवड आणि तीच गाण्याची ओळख कर. वादकाला त्याचे पैसे त्याच दिवशी दे, आणि ट्रॅकवर त्याचं नाव लाव.

७. सहाचं गाणं सहातच ठेव

आपली कितीतरी लोकगीतं, लावण्या, भक्तिगीतं सहा मात्रांच्या चालीत आहेत. हाऊस-टेक्नोचा किक चारांत चालतो. बहुतेक पोरं गाणं ताणून चारांत कोंबतात, मग शब्द लंगडतात आणि ऐकणाऱ्याला काय चुकलं ते कळत नाही, फक्त खटकत राहतं. त्याऐवजी ग्रिड ट्रिप्लेटवर ठेव. एका ठोक्यात तीन भाग घे, दोन किकांत सहा मात्रा पूर्ण होतात. किक सरळ राहतो, हॅट आणि हलगी तीनांत चालतात आणि गायकाला त्याची मूळ चाल मिळते.

हे एकदा जमलं की दोन्ही घरांत चालतं. क्लबमध्ये हा तीनाचा झोका माणसांना तासभर धरून ठेवतो. वरातीत आजीलासुद्धा तो ओळखीचा वाटतो.

८. मिरजेला जाऊन बस, चरणजित सिंग ऐक

आष्ट्याहून मिरज लांब नाही. तिथल्या सतारमेकरांच्या दुकानांत एक दिवस काढ. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी लावताना तारेखाली दोरा सरकवत राहतो आणि एका जागी तार अचानक खुलते, एका स्वरातून कितीतरी स्वर फुटतात. वर सांगितलेले हार्मोनिक्स हेच. सॅच्युरेशनची खुंटी फिरवताना नेमकं काय शोधायचं, हे तिथं कानाला कळतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या या गावात कुणी तुला फुकट ऐकू दिलं तर खाली बसून ऐक, मोबाइल काढू नकोस.

आणि चरणजित सिंगची १९८२ ची रेकॉर्ड ऐक, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. हा मुंबईचा, हिंदी सिनेमांच्या गाण्यांत वाजवणारा वादक. त्यानं टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही तेव्हाची नवी यंत्रं घेतली आणि त्यांवर राग वाजवले. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. आपल्या कानाला ती मींड. ती त्यानं ओळखली. शिकागोच्या ‘अॅसिड ट्रॅक्स’च्या पाच वर्षं आधीचं हे काम. तेव्हा त्याकडं फारसं कुणी बघितलं नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभरच्या क्लबांतली माणसं चकित झाली. हे काम टिकलं, कारण ते रागाच्या आणि यंत्राच्या दोघांच्याही स्वभावाला धरून होतं. तूही यंत्राला विचार, तुला काय चांगलं येतं? आणि रागाला विचार, तुझं काय मोडलेलं चालणार नाही?

९. मराठी शब्दाची लाज बाळगू नकोस

पुण्या-मुंबईत तुला वाटू लागेल की हाऊसला इंग्रजी आवाजच शोभतो. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्सवरून निघालं. शब्द अस्सल मराठी, ठेका अस्सल हाऊस. क्रेटेक्स आपल्या शैलीला एम-हाऊस म्हणतो. गॅरिक्सचा ‘अॅनिमल्स’ जिथून निघाला तिथूनच हे मराठी गाणं निघालं, आणि मराठी न कळणारेही त्यावर नाचले.

त्यातून धडा असा घे की नाचाच्या संगीतात शब्द आधी तालवाद्य असतो, मग अर्थ. आपल्या भाषेत ‘च’, ‘ट’, ‘ड’, ‘ळ’, जोडाक्षरं यांचा खजिना आहे. ओळ लिहिलीस की ती सूर न लावता, टाळी देत म्हणून बघ. टाळीवर जड अक्षर पडलं तर ओळ चालेल. कमर्शियलला दोन ओळी पुरतात, पण त्या पहिल्यांदा ऐकून तोंडात बसल्या पाहिजेत. अंडरग्राउंडला एक शब्दही पुरतो, मात्र तो शंभर वेळा ऐकून शिळा होता कामा नये. आणि गायकाच्या आवाजावर ऑटोट्यून घट्ट लावू नकोस, मींड मरते. ‘सैराट’चं ‘झिंगाट’ २०१६ पासून प्रत्येक वरातीत वाजतंय, कारण त्याच्या मुळाशी आपल्याच रस्त्यावरची लय आहे. भाडोत्री लयीवर इतकी वर्षं कुणी नाचत नाही.

१०. आपल्या गावचा हिशेब शहरापेक्षा वेगळा आहे

शहरात अंडरग्राउंड कार्यक्रमाला तिकीट असतं, पोस्टर असतं, लेबल असतं. आपल्याकडं एखादा पोरगा घराच्या माडीवर जुन्या कंप्युटरवर रिमिक्स बनवतो, मधे आपल्या नावाचा पुकारा टाकतो, पेनड्राइव्हनं तो डॉल्बीवाल्यांकडं पोचवतो आणि गणपतीत तो ट्रॅक गावोगाव वाजतो. त्याला ना लेबल, ना मानधन. कानाला ते संगीत पूर्ण कमर्शियल, व्यवहारात पूर्ण अंडरग्राउंड. म्हणूनच शहरातल्या कुणी या पोरांना हिणवलं तर ऐकून घेऊ नकोस. शिकागोतल्या पोरांनीही जुनी यंत्रं आणि कॅसेटी घेऊन असंच सुरू केलं होतं.

पण इथंच थांबूही नकोस. दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरून केलेला रिमिक्स तुझ्या मालकीचा होत नाही, तो इंटरनेटवरून कधीही काढला जाऊ शकतो. लग्नाच्या वरातीत आणि धार्मिक विधीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. ती वाजवण्यापुरती. तोच रिमिक्स अपलोड करून कमावायला ती सूट लागू नाही. म्हणून रिमिक्सवर हात बसव, पण त्यासोबत स्वतःची चालही बांध. स्वतःचं गाणं निघालं की आयपीआरएसचा सभासद हो, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी तिथून येते. वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४ पासून पैसे देत नाही, हेही माहीत असू दे. त्यामुळे सुरुवातीची मिळकत सुपारीतून, शिकवण्यातून, दुसऱ्यांचे ट्रॅक मिक्स करून देण्यातून येईल. त्यात कमीपणा मानू नकोस. त्या पैशावरच तुझं अंडरग्राउंड जगेल.

११. कान आणि कायदा, दोन्ही सांभाळ

८५ डेसिबलच्या आवाजात माणसानं दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये. त्यापुढं दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. डॉल्बीच्या भिंतीपुढं आवाज यापेक्षाही चढतो. म्हणून कानात प्लग लावल्याशिवाय भिंतीपुढं उभा राहू नकोस, स्टुडिओत बोलण्याइतक्या आवाजातच मिक्स कर, आणि तासाभरानं कानांना विश्रांती दे. हळू आवाजात चांगला वाटणारा ट्रॅक मोठ्या आवाजातही चांगला वाटतो. उलट मात्र होत नाही. कान गेला की तो परत मिळत नाही, मग कुठल्याही घराचं संगीत तुला परकं होईल.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देता येते. २०१८ च्या गणेशोत्सवात डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयानं नकार दिला होता. मिरवणुकीच्या वाटेवरच्या घरांत लहान बाळं, परीक्षेला बसलेली पोरं, हृदयरोगी माणसं असतात. ट्रॅकची ताकद डेसिबलमध्ये ठेवलीस तर पोलिसांनी आवाज कमी करायला लावल्यावर तुझ्याकडं काहीच उरणार नाही. ताकद लयीत आणि मोकळ्या जागेत ठेव, कमी आवाजातही पोरं नाचतील.

१२. शीक आणि शिकवही, पण याच क्रमानं

सॉफ्टवेअर कुठलं यावर वाद घालू नकोस. एफएल स्टुडिओ असो की एबलटन लाइव्ह, एक घे आणि वर्षभर बदलू नकोस. पहिले काही महिने नवा ट्रॅक करण्यापेक्षा आवडलेला ट्रॅक मोजत जा. वहीत बार लिही, किक कधी आला, बेस कधी थांबला, आवाज किती वेळा परत आला. एक अंडरग्राउंड आणि एक कमर्शियल असे शेजारी शेजारी मोज. मग त्याच आकारात स्वतःचे आवाज भर. असा सराव केलेला माल बाहेर काढू नकोस, तो फक्त हाताला वळण लावण्यासाठी.

पुढं एकच धून घेऊन तिन्ही जागांसाठी तीन फायली कर. क्लबची सहा मिनिटांची, मोबाइलची तीन मिनिटांची, मिरवणुकीची कोरड्या किकची. हा एक सराव दहा तासिकांचं काम करतो, कारण शैली म्हणजे जागेला दिलेलं उत्तर आहे, हे हातालाच समजतं. अर्धवट ट्रॅकांचा ढीग साठवू नकोस. फार सुंदर नसला तरी चालेल, ट्रॅक पूर्ण कर, फाइल काढ, माणसांपुढं वाजव. क्लबचा ट्रॅक नाचणाऱ्यांच्या पायांकडं बघून तपास, मोबाइलचा ट्रॅक घरच्या माणसांना स्वयंपाकघरात ऐकवून तपास, मिरवणुकीचा रस्त्यावर पन्नास पावलं लांब उभा राहून तपास.

शिकून परत येशील तेव्हा आष्ट्यातल्या पोरांना शिकव. तेव्हा त्यांना ‘तू कुठल्या घरातला’ असं विचारू नकोस. ‘हा ट्रॅक कुठं वाजणार आहे?’ एवढंच विचार, आणि उत्तर येईपर्यंत त्यांना कंप्युटर उघडू देऊ नकोस.